रविवारी सतरा माणसं, हातात तीन हजार

पत्राचा सारांश: पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. नवऱ्याच्या कॉलेजमधल्या मित्रांची पाच कुटुंबं दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी सकाळी एकेकाकडे जमतात. या वेळी पाळी यांची आहे, आणि नव्या घरात सगळे पहिल्यांदाच येणार आहेत. घरची धरून मोठी माणसं अकरा आणि मुलं सहा. मागच्या वेळी ज्यांच्याकडे जमले होते, त्यांनी केटरर बोलावून डोशाचा लाइव्ह काउंटर लावला होता. त्याआधीच्यांनी सगळ्यांना हॉटेलात नेलं होतं. यांच्या घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेत आणि खर्चायला तीन हजार रुपये आहेत. केटररने ताटाला ४५० रुपये सांगितले, म्हणजे ७६५० रुपये. तेव्हा त्यांनी घरीच नऊ पदार्थ करायचं ठरवलं. सासूबाईंचं म्हणणं, 'अकरा वाजता आलेलं माणूस जेवूनच गेलं पाहिजे, पुरी-भाजी-श्रीखंड करू.' नवरा म्हणतो, 'ऑनलाइन मागवू, उगाच त्रास कशाला.' त्या विचारतात, 'तीन हजारांत हे कसं बसवू? आणि साधंच काही केलं तर कमीपणा येईल का?'

उत्तर:

तुमच्या यादीपासूनच सुरुवात करू. पावभाजी, इडली-चटणी, कटलेट, सँडविच, पास्ता, नूडल्स, गुलाबजाम, आइस्क्रीम आणि लिंबू-पुदिन्याचं मॉकटेल. यातला एकेक पदार्थ वेगळा धरला तर फार महाग नाही. पण प्रत्येकाची सामग्री निराळी आहे. सँडविच म्हटलं की ब्रेड, लोणी, चीज, हिरवी चटणी आलं. नूडल्सना तीन सॉस आणि ढोबळी मिरची, पास्त्याला क्रीम आणि त्या सुक्या पानांची एक बाटली, जी नंतर वर्षभर फडताळात पडून राहते. कटलेटला ब्रेडचा चुरा आणि तळायचं तेल. पदार्थ नऊ केले म्हणून माणसं नऊपट खात नाहीत, पोट तेवढंच असतं. आपण मात्र प्रत्येक पदार्थ सगळ्यांना पुरेल या बेताने करतो, कारण काय संपेल आणि काय उरेल हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे तुमचा बराचसा पैसा उरलेल्या अन्नात जाणार आहे, आणि सोमवारी ते अन्न तुम्हीच खाणार आहात.

दुसरा खर्च तुम्ही यादीत धरलेलाच नाही. 'पहाटे पाचला उठून आटपेन' असं तुम्ही सहज लिहून गेलात. आठवडाभर नोकरी, शनिवारी घराची साफसफाई, रविवारी पाचला उठून शेगडीपुढे उभं राहणं. अकरा वाजता इडलीचं भांडं, नूडल्सची कढई, भाजी गरम करायचं पातेलं आणि कटलेटचा तवा, हे सगळं एकाच वेळी लागेल. घरच्या शेगडीला बर्नर किती असतात? मग तुम्ही स्वयंपाकघरात अडकाल, मित्रांच्या बायका 'काही मदत करू का?' म्हणत एकेक करून आत येतील, आणि नवं घर पाहायला आलेली निम्मी मंडळी ओट्यापाशी उभी राहतील.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एकच मुख्य पदार्थ करा. तो भरपूर करा, गरम ठेवा, आणि असा निवडा की पाहुणे आल्यावर तुम्हाला शेगडीपाशी उभं राहावं लागणार नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. या अटीवर आंबोळ्या, थालीपीठं, डोसे, आप्पे सगळे बाद होतात, कितीही स्वस्त असले तरी. तव्यावरचं गरम वाढायचं म्हणजे एक माणूस दोन तास तव्यापाशी हवं. सासूबाईंच्या पुऱ्यांचंही तेच. सतरा माणसांच्या पुऱ्या म्हणजे शंभराच्या जवळपास, त्या लाटणार कोण आणि तळणार कोण? पोह्यांचा विचार तुमच्या मनात आला असेलच. घरच्या कढईत एवढ्या माणसांचे पोहे एका दमात नीट होत नाहीत आणि झालेले अर्ध्या तासात कोरडे पडतात.

मी तुमच्या जागी असते तर मिसळ केली असती. रविवारी सकाळी मिसळ खायला मुद्दाम गाडी काढून जायची आपल्याकडे जुनी रीत आहे. नाशिककर तर शहराबाहेरच्या मळ्यांमधून झाडाखाली बसून मिसळ खातात, घरातली लहानथोर सगळी बरोबर घेऊन. आपण करणार आहोत ते तेच, फक्त घरी. म्हणजे हे कशाची नक्कलही नाही आणि कशाची तडजोडही नाही.

मिसळीचा खरा गुण हा की ती ताटात जुळवायची असते. उसळ एका पातेल्यात, कट म्हणजे पातळ मसालेदार रस्सा दुसऱ्या पातेल्यात, तर्री म्हणजे वरून घ्यायचं लाल तिखट तेल एका वाडग्यात वेगळं. शेजारी फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, दही, पाव. ज्याचं त्याने घ्यावं. मुलांना फिकी उसळ आणि पाव, वर हवं तर दही. तिखट खाणाऱ्या मित्रांना तर्री. ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे, त्यांना मोडाची उसळ, भरपूर कांदा-लिंबू, फरसाण नाममात्र. सगळं एकाच स्वयंपाकातून निघतं, आणि वाढायला कुणी उभं राहावं लागत नाही.

आता प्रमाण सांगते, कारण घरी चार माणसांचं करणाऱ्याला सतरांचा अंदाज येत नाही आणि मग भीतीपोटी दुप्पट होतं. कोरडी मटकी मोठ्या माणसाला पन्नास ग्रॅम आणि मुलाला त्याच्या निम्मी धरा, म्हणजे पाऊण किलो पुरे. भिजून मोड आले की ती दुपटीच्या वर जाते. उसळीत अर्धा किलो बटाटे घाला, उसळ वाढते आणि मुलं आवडीने खातात. फरसाण एक किलो. पाव मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन धरले तर पंचेचाळीस होतात. सहा पावांच्या आठ लाद्या आणा, अठ्ठेचाळीस होतील. कट साधारण पाच लिटर लागेल, कारण कट दुसऱ्यांदा मागितला जातोच आणि तो कमी पडला तर मिसळीची मजाच जाते. त्यासाठी दोनशे ग्रॅम सुकं खोबरं, सात-आठ कांदे, लसणाचे दोन गड्डे, आलं, आणि घरचा कांदा-लसूण मसाला.

वेळ अशी लावा. शुक्रवारी सकाळी कामावर जाताना मटकी भिजत घाला. रात्री उपसून, निथळून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवा. उन्हाळ्यात शनिवार दुपारपर्यंत छान मोड येतात. थंडी असेल तर एक दिवस आधी, गुरुवारीच भिजवा. (परदेशातल्या वाचकांसाठी: बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून पुरचुंडी आत ठेवली तर तेवढी ऊब पुरते.) भाजीवाल्याकडे मोडाची मटकी तयार मिळते, महाग पडते, पण आठवडा फारच धावपळीचा गेला तर जरूर घ्या. मोड आलेली मटकी शनिवारी संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात ती बाहेर राहिली तर चिकट होते, वास येतो.

कट शनिवारी रात्रीच करून टाका. कांदा आणि खोबरं चांगलं काळपट तांबूस होईपर्यंत भाजा, इथे घाई केली तर कट कच्चट लागतो. भाजलेलं गार करून आलं-लसणाबरोबर अगदी मुलायम वाटा. वाटण तेलावर परता, कडेने तेल सुटेपर्यंत, मग मसाला आणि कडकडीत पाणी. गार झाला की फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला लागतो. रंगासाठी तिखट वाढवू नका, बेडगी मिरचीची पूड वापरा, तिला रंग छान असतो आणि ती जाळत नाही. तर्रीसाठी वाटीभर तेल तापवून गॅस बंद करा, तेल जरा निवल्यावर त्यात बेडगीची पूड घाला. कडकडीत तेलात घातली तर जळून काळी पडते. रविवारी सकाळी मग फक्त उसळ शिजवायची, कट उकळायचा आणि कांदा चिरायचा राहतो. पाचला उठायची गरज नाही, आठला उठलात तरी चालेल.

फरसाण आधी वाटीत घालून ठेवू नका, मऊ पडतं. ते शनिवारीच आणा, आणि त्यात गोड शेव-बुंदी मिसळलेली नाही ना, हे दुकानात चाखून बघा. पावाची मागणी बेकरीत आदल्या दिवशी नोंदवा, आणि रविवारी सकाळी कुणीतरी जाऊन ताजे घेऊन या. घरी आणल्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवले की मऊ राहतात.

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे येते. पुरी-श्रीखंडाचा त्यांचा बेत बाजूला ठेवा, पण त्यांचं मूळ म्हणणं बरोबर आहे आणि ते तुम्ही ऐकावं असं मला मनापासून वाटतं. साडेदहा-अकराचं खाणं आपल्याकडे अधांतरी असतं. पाहुण्याला कळत नाही, हा नाश्ता की जेवण? कुणी घरून खाऊन येतं, कुणी उपाशी येतं, आणि मिसळ खाल्ल्यावर एक वाजता सगळे एकमेकांकडे बघत बसतात. दोन गोष्टींनी हे सुटतं. पहिली म्हणजे बोलावतानाच स्पष्ट सांगा: 'साडेदहाला या, अकराला खायला बसू, हेच जेवण समजा.' गोळ्या वेळेवर घेणारी वडीलधारी मंडळी आणि मधुमेह असलेली माणसं यांना ही वेळ आधी कळणं फार गरजेचं असतं. ती सकाळी काहीतरी खाऊन येतील. दुसरी गोष्ट दहीभात. अर्धा किलोहून थोडा जास्त तांदूळ, मऊ शिजवलेला, गार झाल्यावर दूध-दही, वर जिरं-कढीपत्ता-मिरचीची फोडणी. मिसळीच्या तिखटावर तो बरा लागतो, आणि भात झाला की आपल्या माणसाला जेवण झाल्याचं समाधान मिळतं. खर्च अगदी किरकोळ.

आणि गोड म्हणून शिरा. अर्धा किलो रवा, तेवढीच किंवा थोडी कमी साखर, पाव किलो तूप, दूध-पाणी, वेलची, आवडत असेल तर दोन पिकली केळी. सतरा जणांना वाटी-वाटी पुरतो. नव्या घरात पहिल्यांदा येणाऱ्यांच्या हातावर शिरा ठेवायला बरंच वाटतं. तो सासूबाईंच्या हातचा असेल तर फारच छान, पण त्यांना आवर्जून विचारा, गृहीत धरू नका. गुलाबजाम आणि आइस्क्रीम दोन्ही मग लागत नाहीत. मॉकटेलऐवजी ताक. दीड लिटर दुधाचं दही घरी लावलंत तर त्यातलं थोडं मिसळीला, थोडं भाताला आणि उरलेल्याचं मठ्ठ्यासारखं ताक, आलं-जिरं-कोथिंबीर घालून. कैरीचे दिवस असतील तर पन्हं.

दर गावागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, तरी ढोबळ हिशोब मांडते. मटकी शंभर-सव्वाशे, फरसाण अडीचशे, पाव दोनशे, कांदे-बटाटे-लिंबं-कोथिंबीर मिळून अडीचशे, खोबरं-तेल-मसाला दोनशे, शिऱ्याचं सामान अडीचशे, दही आणि चहासाठी तीन लिटर दूध दोनशेच्या आसपास, तांदूळ चाळीस, केळी-पपईसारखी फळं दोनशे. सगळं मिळून १७०० ते १८०० रुपये. तीन हजारांतले हजारभर शिल्लक राहतात. त्यातून एक कामाची गोष्ट करा: भांडी घासायला येणाऱ्या मावशींना रविवारी दुपारी जादा यायला सांगा आणि त्या वेळेचे वेगळे पैसे द्या. कागदी पत्रावळ्या आणण्यापेक्षा हा खर्च मला पटतो. ताटल्या-वाट्या कमी पडल्या तर शेजारी मागा, मोठं पातेलंही शेजारून मिळतं, आणि नव्या इमारतीत ओळख होण्याची ही चांगली संधी असते.

नवऱ्याचं 'ऑनलाइन मागवू' हे मी सरसकट चूक म्हणत नाही. घरात तान्हं मूल असेल, आजारपण असेल, तर विकत आणणं हेच शहाणपणाचं. पण ताटावर मागवलं की पैसे ताटाचे जातात, मूल दोन घास खाऊन उठलं तरी. विकतचं घ्यायचं तर किलोवर घ्या. ढोकळा किलोने मिळतो, श्रीखंड किलोने मिळतं, पोळ्या करून देणाऱ्या बायका नगावर देतात. मिसळीतला एखादा भाग असा बाहेरून आणलात तरी काही बिघडत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कमीपणा येईल का?

मी उलट विचारते. डोशाचा काउंटर लावणाऱ्या मित्राकडून निघताना तुमच्या मनात काय आलं होतं? पत्रात तुम्ही लिहिलंय, 'छान होतं, पण येताना गाडीत आम्ही दोघं गप्प होतो, आता आपली पाळी म्हणून.' पाच कुटुंबांपैकी तुम्ही एकटेच असे गप्प घरी गेला असाल, हे मला पटत नाही. कुणाचा हप्ता असतो, कुणाची नोकरी डळमळीत असते, कुणाच्या घरी आईवडिलांचं औषधपाणी असतं, आणि ते कुणी अशा जमण्यात बोलत नाही. प्रत्येकाने मागच्यापेक्षा थोडं जास्त करायचं असं चाललं की दोन-तीन फेऱ्यांत कुणीतरी 'या वेळी जमणार नाही' म्हणू लागतं, आणि कॉलेजपासूनची मैत्री तिथे विरळ होते. तुम्ही घरची मिसळ वाढलीत तर पुढच्या कुटुंबाला मोकळेपणा मिळेल. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. या घडीला त्या गटात हे करू शकणारं घर तुमचंच आहे, कारण पाळी तुमची आहे.

एक मात्र करा. दारात उभं राहून 'काही विशेष नाही हं, आपलं साधंच केलंय' असं म्हणू नका. या एका वाक्याने पाहुणा अवघडतो, त्याला तुमची समजूत घालत बसावं लागतं. आमंत्रणातच मिसळ जाहीर करा: 'रविवारी आमच्याकडे मिसळ.' मग माणसं मिसळ खायच्या तयारीने येतात आणि दुसरं काही शोधत नाहीत.

'काय आणू?' असं कुणी विचारलं तर 'काही नको' म्हणू नका. काही नको म्हटलं की प्रत्येक जण मिठाईचा पुडा आणतो आणि चार पुडे फ्रिजमध्ये बसतात. खरं उत्तर द्या: फळं आण, किंवा ताक तुझ्याकडे. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायची अंगत-पंगत मला स्वतःला फार आवडते, आणि पुढच्या फेरीपासून तसं करू या, असं तुम्ही याच रविवारी सुचवूही शकता. पण नव्या घरातल्या पहिल्या जमण्याला ती नको. त्या दिवशी तुम्हाला स्वतः खाऊ घालावंसं वाटतंय, ते पत्रातून दिसतं.

तारीख पक्की करण्याआधी कॅलेंडर बघा. त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी असली तर कुणाचा उपास आहे हे आधी विचारा, आणि एक-दोघांपुरती साबुदाण्याची खिचडी भिजवून ठेवा. कांदा-लसूण न खाणारं कुणी असेल तर त्यांची मटकी थोडी वेगळी काढून नुसत्या जिरं-मिरचीवर परता. दहीभात आणि शिरा त्यांना चालतोच.

ज्या वाचकांना मिसळ रुचत नाही त्यांनी हाच विचार आपापल्या भागातल्या पदार्थाला लावावा. कोकणातली मंडळी काळ्या वाटाण्याची उसळ आदल्या दिवशी करून ठेवतात, तिच्याबरोबर आंबोळ्यांऐवजी पाव ठेवले तर तव्याची कटकट उरत नाही. थंडीत जळगावकडच्या घरी भरताची वांगी भाजून ठेवता येतात, कळण्याच्या भाकरी शेजारच्या ताईंकडून नगावर करून घ्याव्यात. नागपूरकरांच्या तर्री-पोह्यांतही हरभऱ्याची तर्री (तिकडे रश्श्यालाच तर्री म्हणतात) आधी करून ठेवता येते, पोहे मात्र दोन खेपांत करावे लागतील. बघायचं एवढंच की आदल्या दिवशी किती होतंय आणि पाहुणे आल्यावर किती उरतंय.

राहता राहिला तुमचा नवरा. मित्र त्यांचे आहेत, आणि पत्रात त्यांच्या वाट्याला एकही काम नाही. त्यांना 'मदत कर' असं मोघम सांगू नका, कामं नावानिशी द्या. शनिवारी फरसाण आणि भाजी, रविवारी सकाळी पाव, अकरा वाजता कटाचं पातेलं टेबलावर आणून तर्री विचारत फिरणं, आणि साडेबाराचा चहा. चहा अख्खा त्यांच्याकडे, दूध उतू गेलं तरी तुम्ही उठायचं नाही. हे बोलणं आज-उद्याच करून टाका, शनिवारी रात्री खोबरं भाजताना नको.